आत्याचे सात डबे

...नाही, मी म्हणतो, गंज लागायचाच होता तर वरून लागायचा ना! निदान माणसाला दिसला तरी असता! पण नाही. वरून बघाल तर काय गाडी! पांढरीशुभ्र फियाट, आमच्या अण्णांची. अण्णा म्हणजे माझे वडील, काशीराम. मुंबईत एका शेठकडे तीस वर्षं ड्रायव्हर. नोकरी सोडायच्या दिवशी शेठनं किल्लीच हातात ठेवली, ‘काशीराम, ले जाओ!’ अण्णा जे निघाले ते थेट रत्नागिरीत येऊन थांबले. बारा वर्षांपूर्वी अण्णा गेले आणि गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. यंदा मी रिटायर झालो. म्हटलं, चला, हिला उठवू या! थोडं ठोकायचं, रंग मारायचा आणि आरे-वारेच्या समुद्रकाठच्या रस्त्यानं भुर्रकन... भुर्रकन! तुम्हाला सांगतो, असलं काही तोंडातून काढू नये माणसानं.

पत्र्याच्या कामाला अयूबभाई. आखातात वीस वर्षं गाड्या सरळ करून आलेला माणूस. त्यानं बॉनेटवर टिचकी मारली, टण्ण! म्हणाला, ‘सदूभाय, माल आहे हां!’ मी फुगलो. मग तो खाली वाकला, स्क्रूड्रायव्हर घेतला, दाराखालच्या पट्टीत हळूच, अगदी हळूच टोचला... तर मुठीपर्यंत आत! बाहेर काय आलं? ओंजळभर लाल भुगा! मी म्हटलं, ‘अहो, हिला खाल्लं कुणी?’ तर म्हणतो, ‘मिठानं. गाडी काय दर्यात ठेवायचात?’

दर्यात कशाला! आमची आगोट असायची ना! पावसाळ्याची बेगमी हो. दर मे महिन्यात मिठाचं पोतं, खारे बांगडे, सोडे, सगळं गाडीत कोंबायचं आणि अण्णा निघायचे संगमेश्वरला, बहिणीकडे. सावित्रीआत्या. लवकर नवरा गेलेला, एकटी बाई. अण्णांचा फार जीव तिच्यावर. पोतं रस्ताभर पाझरायचं, गाडीत बांगड्यांचा तो घमघमाट, आई पुढच्या डाव्या सीटवर नाकाला पदर लावून! आणि आत्या काय रिकाम्या हातानं पाठवेल? स्टीलचा डबा भरून नाचणीचे लाडू! डब्यावर ठसठशीत नाव कोरलेलं, ‘सावित्री’. का? तर डबा परत यायला हवा.

एकही डबा कधी परत गेला नाही.

दरवर्षी आत्या विचारणार, ‘वयनी, माझा डबा गो?’ दरवर्षी आई सांगणार, ‘देवाशपथ सांगते, मी बघितलासुद्धा नाय!’ एक डबा, दोन डबे... सात डबे! आईनं माळा उपसला, कणगी उपसली, शेजारणींच्या मांडण्या चोरून बघून आली. शेवटी बाजारातनं नवाकोरा डबा घेऊन पाठवला, तर आत्यानं तस्साच परत पाठवला, ‘ह्याच्यावर माझा नाव नाय!’ झालं! बोलणं बंद, येणंजाणं बंद. आणि अण्णा? अण्णा पेपर वाचत होते. तुम्हाला सांगतो, घरात डब्यांचा विषय निघाला रे निघाला की अण्णांनी पेपर उघडलाच. कालचा असला तरी!

हां, तर अयूबभाई. वरून बघाल तर काय गाडी, आणि त्यानं पुढच्या डाव्या सीटखालचं रबरी मॅट उचललं... तळच नाही! बाजूनं शेडची जमीन दिसतेय, माझी चप्पल दिसतेय! आणि मधे काय? चकचकीत पत्र्याची ठिगळं, रिबिटं मारून बसवलेली, एकावर एक. अयूबभाईनं रॉकेलचं फडकं फिरवलं आणि मला विचारलं, ‘सदूभाय, ही सावित्री कोन?’

मी वाकून एकेक ठिगळ मोजलं.

सातही डबे! ठोकून ठोकून सपाट केलेले! गाडीला भोक पडलंय हे कळलं असतं तर आईनं गाडी बंद केली असती, मग बहिणीचं मीठ बंद झालं असतं, म्हणून हा माणूस गप्प राहिला! बहिणीच्याच डब्यांची ठिगळं मारली, वर मॅट टाकलं आणि पेपर उघडला! आणि त्याच्यावर पाय ठेवून कोण बसत होतं? आई! सगळं घर उपसून जे शोधलं ते पायाखाली घेऊन फिरत होती हो माझी आई! तीन वर्षांपूर्वी गेली. जायच्या आदल्या दिवशी मला म्हणते, ‘सदू, सावूचे डबे मिळाले तर देऊन ये हां.’ आत्या तिच्या दिवसकार्यालासुद्धा आली नाही. अण्णा, काय केलंत हे? कुणाला विचारू? फोटोला?

अयूबभाई म्हणाला, ‘तुमच्या बापूसनं जिथं ठिगळ मारलंन, तिथं कडेनं जास्तच खाल्लाय.’ म्हटलं, दिसतंय मला.

मग तीन महिने कापणं आणि जोडणं. जुना तळ काढला, नवा पत्रा वेल्डिंग केला, लाल ऑक्साईड, त्यावर काळा कोट. सात पत्रे पिशवीत घातले आणि त्याच गाडीनं गेलो संगमेश्वरला. आत्या आता चौऱ्याऐंशीची. वरून बघाल तर काय आत्या! ताठ! पिशवी उघडली, एकेका नावावरून बोट फिरवलं. म्हणाली, ‘म्हणजे... वयनी खराच सांगत होती?’

आत्या उठली, गाडीत पुढच्या डाव्या सीटवर जाऊन बसली आणि पदर तोंडाला लावून ढसाढसा रडली. मीही रडलो. लाज कसली त्यात?

निघताना लाडू दिलेन. आइस्क्रीमच्या प्लास्टिकच्या डब्यात! मी सवयीनं म्हटलं, ‘डबा आणून देतो हां, आत्या.’ तर म्हणाली, ‘नको आणूस. डब्यापायी वयनी घालवली मी.’

पण पुढच्या रविवारी घेऊन निघालोच. आमच्या घरातनं परत जाणारा पहिला डबा! रिकामा कसा न्यायचा, म्हणून मीठ भरलं. आणि एवढंसं मीठ तरी कसं न्यायचं, म्हणून मागे पोतंही टाकलं. तेवढ्यात अयूबभाई समोर! पोत्याकडे बघतोय, नव्या पत्र्याकडे बघतोय, ‘सदूभाय, परत मीठ?’

म्हटलं, ‘दहा वर्षांनी ये बाबा, स्क्रूड्रायव्हर घेऊन.’