ठकूची साल

मी घाटघरचीच, जलमले हितंच आन् दिली बी हितंच, वरल्या आळीतनं खालच्या आळीत. आईनं चालाय शिकवायच्या आधी कुड्याची साल वळखाय शिकवली आसंल मला. हगवणीवर त्या सालीवानी दुसरं औषिद न्हाई. पर काय सांगू तुमाला ताई, त्याच्यासारखाच काळा कुडा आसतो, चीक तसाच, पानं बी तशीच. रानात शेंगा बघून कळतं, काळ्याची जोडी टोकाला चिकटल्याली, आपल्याची सुटी. पर साल वाळून गोणीत आली मग कुठली शेंग आन् कुठलं पान? मग फकस्त जीभ. खरी साल आशी कडू, की दुपारची भाकर खाल्ली तरी तोंडातनं जात न्हाई.

म्हनून गावाची रीत, गोणी शिवायच्या आधी माझ्याम्होरं यायची. मी सकाळी उपाशी, च्या सुदिक न्हाई, चूळ भरून बसायची, तुकडा चावायची, थुकायची, म्हनायची, हाय. जुन्नरचे रशीदभाई माल न्यायला यायचे, ते गोणीत हात बी घालत नसत, म्हनत, हौसाबाईनं चाखलीय ना, झालं. लई मिजास व्हती मला ह्या जिभेची, खोटं कशाला बोलू.

आन् मग साथीत तापानं पडले, धा दिस. उठले, तर भाकरीला चव न्हाई, कालवणाला न्हाई, म्हनलं, आजारानं तोंड गेलंय, येईल. पर कडू सुदिक जाईल आसं कुनाच्या मनात येतं का? त्या दिशी एकच गोणी आली, माझ्या जावंची, ठकूची. तुकडा चावला, लाकूड चावल्यागत. दुसरा चावला, तसंच. समद्या आळीम्होरं बोलले मी, ठकू, काळा कुडा भरलास, लाज न्हाई वाटली? ती म्हनली, बाई, शेंगा बघून सोललीय गं, परत चाख. मी म्हनले, माझ्या जिभेला शिकवू नगंस. तिनं गोणी उचलली आन् सरळ वढ्यात रिती केली.

आठ दिसांनी पाडवा. लिंबाचा पाला वाटला, समदी तोंडं वाकडी करत्यात, आन् नात म्हनती, आज्जे, तुला कडू लागत न्हाई? मी मूठभर पाला चावला ताई, मूठभर, पर कडूचं नाव न्हाई.

तशीच ठकूकडं गेले, ती धाकली आसून बी तिचं पाय धरले. तिनं पाय मागं घेतले, म्हनली, आळीम्होरं बोललीस, आळीम्होरं सांग. सांगितलं. रडत सांगितलं. पर वढ्यातली साल काय परत येती व्हय, आन् बोलल्यालं बी.

पुढं गोड आलं, खारट आलं, कडू काय आलं न्हाई. आता गोण्या ठकूम्होरं जात्यात, माझी बी जाती. ती चावती, थुकती, रशीदभाईंकडं बघून म्हनती, हाय. माझ्याकडं बघत न्हाई. पर माझ्या गोणीला तिनं अजून कधी न्हाई म्हनलं न्हाई, मनात आणती तर म्हनली आसती. देव तिची जीभ शाबूत ठेवो. माझ्याशी बोलली न्हाई तरी चालंल, म्हनजे चालंल म्हनायचं, दुसरं काय.