रांगेच्या टोकाची जागा

हसू नका रे, पण जपानला ट्रेनिंगला जायच्या आधी मी तिकडची भाषा घोकली ती लालबागच्या एका बंद गिरणीत. संपानंतर तिथले साचे, म्हणजे कापड विणायचे माग, भंगारात गेले आणि त्या रिकाम्या खात्यात आमचा कराटेचा क्लास भरायला लागला. आत शिरताना वाकून म्हणायचं, "ओनेगाय शिमास", म्हणजे आम्हाला शिकवा. माझं काही ते नीट जमेना.

एका रविवारी सकाळी बाबा बघायला आले. त्यांनी जन्मभर तिथेच साचा चालवलेला. साच्यांच्या आवाजाने कान गेले, पण साचेवाले सगळे एकमेकांचे ओठ वाचूनच बोलायचे, त्यामुळे बाबांचं अडत नसे. मी रांगेच्या टोकाला होते. माझ्या पलीकडे कोणी नव्हतं.

घरी येताना बाबा अगदी स्पष्ट म्हणाले, "ओनेगाय शिमास."

मी वळून त्यांना दिसेल असं विचारलं, "माझे ओठ वाचलेत ना?"

"तुझी तर पाठ होती. सखाराम माझ्याकडे तोंड करून उभा होता ना तुझ्या बाजूला."

सखारामकाका बाबांच्या शेजारच्या साच्यावर असायचे. संपातच वारले.

"बाबा, काहीतरीच काय!"

"तुझ्यापेक्षा बरं म्हणतो गो. विचारीत होता, पोरगी मलापण नेईल का?"

जपानमध्ये पहिल्या दिवशी तिथल्या कराटेच्या क्लासात सगळ्यात शेवटी मी आत गेले. वाकले, शब्द नीट म्हटले. मागे कोणीच नव्हतं.

तरी मी दार लगेच लावलं नाही.