मल्लूचा खड्डा

आमी कुंभारीचे. बाप हितलाच, आजा अक्कलकोटाकडनं आलेला, म्हणून घरात कानडी आन दारात मराठी. नाव सिद्राम, गाव सिद्रामअप्पा म्हणतंय. वय मला ठावं न्हाय, प्लेगात गाव उठून रानात गेलं तवा मी रांगत व्हतो आसं आई सांगायची, त्यावरनं तुमीच काढा. शाळा दोन बुकं झाली, त्यातलं दुसरं अर्धंच. सही येती, तीबी वाकडी.

मास्तर, तुमी लिहून घ्यायलाय म्हणून आदीच सांगतो, मला भला माणूस करून लिहू नगा. गावात म्हणतात, अप्पावर लई वाईट दिस आले. आले खरं, पर त्यातला अर्धा वाईटपणा माझ्याच हातानं झालाय, तेबी लिवा.

चार एकर काळं रान हाय, त्यात ज्वारी आन तूर. त्याबिगर माझं एक काम हाय, त्येला कुणी काम म्हणत न्हाय. आमच्या लिंगायतात मेलेलं माणूस जाळत न्हाईत, तुमाला ठावं हाय. मातीत बसवतात, मांडी घालून, पूजेला बसल्यावाणी. तो खड्डा मी काढतो. खड्डा मोजायचा तो मेलेल्याच्याच पावलानं, नऊ पावलं लांब, नऊ पावलं खोल, आन आत एका अंगाला कोनाडा. त्या कोनाड्यात माणूस बसवायचं, गळ्यातलं लिंग सोडून डाव्या हातावर ठेवायचं, मीठ, विभूती, बेल घालायचा, मंग माती. खड्डा कुणालाबी येतो, कोनाडा येत न्हाय. काळ्या मातीत कोनाडा ढासळतो, त्येला कमान द्यावी लागती, कुदळीनं न्हाय, हातातल्या खुरप्यानं, हळू हळू, भाकरी थापल्यावाणी. मला बापानं शिकवलं. त्या बापाला मीच बसवला, आईला बसवलं, गावातली लई माणसं बसवली. कुणाच्या घरी रडं उठलं की पयला सांगावा मला. त्याचं काय घ्यायचं नसतं, मी घेतलं न्हाय. हे एवढं का सांगायलोय ते म्होरं कळंल.

लेकरू एकच, मल्लिनाथ. आमी मल्लू म्हणायचो. शेजारी दत्तूचं घर, मराठ्याचं, भिंतीला भिंत. दत्तू आन मल्लू एका वयाचे, एका ताटात जेवलेले, माझ्या गौरव्वाला दत्तूबी अव्वाच म्हणायचा. दोघं मिळून सोलापूरला गेले आन पलटणीत नाव घालून आले. गौरव्वा म्हणली, एकुलतं हाय, पाठवू नगा. मी म्हणलो, हितं ढेकळं फोडण्यापरीस बरं, जाऊ दे. मी म्हणलो, मास्तर. तिनं न्हाय म्हणलं व्हतं, हे लिवा. मंग तिनं त्येच्या लिंगाला नवा दोरा घातला, कडक भाकरी आन शेंगाची चटणी बांधून दिली, आन दत्तूला म्हणली, दत्तू, ह्येला तुझ्या वटीत घालायलेय. दत्तू हसून म्हणला, अव्वा, ह्यो माझ्यापरीस दुप्पट खातोय, वटीत मावल कसा.

मंग बांगलादेशाची लढाई झाली. तार तुमीच वाचली की. पोस्टमन म्हणला मला विंग्रजी येत न्हाय, आन तुमाला शाळेतनं बोलवून आणलं. तुमी दोनदा वाचली. एकदा मनात, एकदा मोठ्यानं. मनातली वाचताना तुमचं तोंड बगितलं तवाच मला कळलं, दुसऱ्यांदा वाचायची गरजच नव्हती.

आता माझं डोस्कं कसं चालतंय बगा. माणूस गेलं म्हणल्यावर मला रडायच्या आदी खड्डा सुचतो. मी म्हणलो, एवढं मोठं सरकार हाय, आणतील की पोराला. गाडीत घालून आणतील, बरफात ठेवून आणतील, आपण तयारी करून ठेवावी. पावलाचं माप कुठनं घ्यायचं, तर त्येची जुनी चप्पल पडवीत व्हती. ती घेऊन वावरात गेलो आन चपलीनं नऊ मापं मोजली. चार दिस खणत व्हतो, कुणाला हात लावू दिला न्हाय. आसा कोनाडा मी जन्मात काढला नव्हता. गौरव्वा बांधावर बसून बगायची. एकदा म्हणली, त्यो उंच हाय, डोस्क्याला लागंल. मी आणखी वीतभर वर कोरलं.

पोरगं आलं न्हाय. सोलापूरची संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली, आन एक दिस सकाळी दत्तू आला. अंगावर पलटणीची कापडं, गाल आत गेलेले, आन हातात मडकं, लाल फडकं बांधलेलं. दारात हुबा राहिला. म्हणला, अप्पा, मल्लू हाय.

मला आदी कळंना. कुटं हाय म्हणलो. त्यानं मडकं म्होरं केलं.

काय सांगू तुमाला. ज्या माणसानं गावातल्या सगळ्यांना मांडी घालून बसवलं, त्येच्याच पोराला जाळून मडक्यात भरून आणलं. मी म्हणलो, तू आमच्या घरात वाढलास, तुला रीत ठावं नव्हती व्हय. म्हणला, ठावं व्हती अप्पा. मंग तू तितं नव्हतास व्हय. म्हणला, व्हतो. तो म्होरं कायतरी सांगायलाता, त्येचे व्हट हलत व्हते, मी सांगू दिलं न्हाय. मी म्हणलो, तू परत आलास आन त्यो न्हाय आला, तुझं तोंड मला दिसाया नगं, तुझ्या आईलाबी आसंच मडकं मिळू दे. आसं म्हणलो मी. त्येची आई शेजारी अंगणात शेण सारवायलीती, तिनं ऐकलं. ऐकून तिनं हात धुतले आन आत गेली.

गौरव्वा मडक्याला हात लावाया म्होरं झाली तर मी आडवा झालो. म्हणलो, ती राख माझ्या घरात न्हायतर माझ्या रानात आली तर त्याच दिशी मी हिरीत उडी घालीन, सिद्धरामेश्वराची आण. आन दार लावलं. ती आतनं एवढंच म्हणली, रोज कपाळाला राख लावताय की तुमी, पोराचीच तेवढी चालंना व्हय.

मला ते ऐकवंना. मागल्या दारानं निघालो तो चालत सोलापूरला गेलो, तळ्याकाठी दिसभर बसलो. परत आलो तर दत्तू गेल्ता, मडकंबी न्हाय. मी इचारलं न्हाय, तिनं सांगितलं न्हाय. मला वाटलं कुटल्यातरी नदीत सोडलं आसंल.

खड्डा तसाच उघडा. गाव म्हणलं, अप्पा, उघडा खड्डा बरा नव्हं, बुजवा. मी म्हणलो, बुजवतो, पर हात उचलंना. गौरव्वाबी म्हणली, राहू द्या. त्या साली पाऊसच झाला न्हाय, त्यो मोठा दुष्काळ, म्हणून खड्डा ढासळला न्हाय. न्हायतर एका पावसात गेला आसता. ती रोज दुपारी भाकरी घेऊन तितं जायची. खड्ड्याच्या काठाला बसायची, खाली वाकून कानडीत कायतरी बोलायची. सोमवारी बेल घेऊन जायची. मी म्हणायचो, मोकळ्या खड्ड्याला काय बेल घालतीस, याड लागलं तुला. ती म्हणायची, लागलं. एवढंच. माझ्यासंगं तिचं बोलणं तेवढंच राहिल्तं, व्हय आन न्हाय आन भाकरी झाली. एका घरात दीड साल आसं काढलं आमी.

दुष्काळात खडी फोडाया जायचो दोघंबी. तितं तिला ताप धरला. आठ दिस घरात पडून व्हती. आठव्या दिशी मला जवळ बोलावलं, लई दिसांनी माझा हात धरला. म्हणली, मला मल्लूच्या खड्ड्यात बसवा. मी म्हणलो, त्यो तुझ्या मापाचा न्हाय. म्हणली, चालंल. मंग म्हणली, हळू खणा हं, तुमाला लई घाई आसती. मला वाटलं तापात बोलायली. खणलेल्या खड्ड्यात काय हळू खणायचं. माझ्या तोंडाकडं बगत राहिली, आणखी कायतरी व्हतं तिच्या मनात. पर माझी आण व्हती की मास्तर, हिरीची. तिला म्हाईत व्हतं मी लई आडमुठा हाय, म्हणलं ते करतो. ते पोटात ठेवूनच गेली.

मी खड्ड्यात उतरलो. दीड सालात वाऱ्यानं धूळमाती आत येऊन बसल्ती, कोनाडा अर्धा भरल्ता. घरात ती बसवून ठेवलेली, दारात माणसं जमलेली, ऊन वर आलेलं. खुरपं घेऊन हळू काढायचं सोडून मी कुदळ मारली. दुसऱ्या कुदळीला खळ्ळकन वाजलं. मडकं व्हतं. मला वाटलं कुणीतरी फुटकं मडकं टाकलं आसंल. आजून दोन घाव घातले, खापऱ्या आन माती खोऱ्यानं वर फेकली. करडी धूळ उडाली, डोळ्यात गेली, मी धोतरानं डोळे पुसले आन काम उरकलं. तिला बसवलं. तिचं लिंग तिच्या डाव्या हातावर ठेवलं. वरची माती ढकलली. घरी आलो.

मंग दोन वर्सं एकटा. कालवण जमत न्हाय, भाकरी जाड व्हती. शेजारची दत्तूची आई, जिला मी तसलं बोललो, ती दर सोमवारी उंबऱ्यावर कालवणाची वाटी ठेवून जायची, माझ्याकडं न बगता. मी वाटी धुऊन तिच्या भिंतीवर ठेवायचो, तिच्याकडं न बगता.

गेल्या दिवाळीला दत्तू आला. पाय अधू झाला म्हणून पलटणीतनं सुटला, आता कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात हाय. मी अंगणात तूर निवडायलोतो. लंगडत आला, माझ्या म्होरं जमिनीवर बसला आन हसला. हसला मास्तर, म्हणला, अप्पा, भीत भीत आलोय, पर आई म्हणली अव्वाला मल्लूच्याच खड्ड्यात बसवलं, तवा मी म्हणलो, मडकं बगून अप्पाचा राग गेला आसंल.

मी म्हणलो, कसलं मडकं.

त्येचं हसू तसंच थिजलं. मंग बोलला. मी सोलापूरला गेलो त्या दिशी दुपारी, गौरव्वा आन हा, दोघं वावरात गेल्ते. हा खड्ड्यात उतरला, कोनाड्यात मडकं ठेवलं, फडकं काढून घेतलं आन वर माती लोटली. गौरव्वानं त्येच्याकडनं वचन घेतलं की अप्पाला सांगायचं न्हाय, आण घेतलीया, मरतील ते. म्हणली, मला बसवाया ह्यो खड्डा साफ करतील तवा गावंल आपोआप, तवर राग निवंल. म्हणजे तिला वाटलं व्हतं मी कोनाडा हातानं साफ करणार. पन्नास साल तसाच करत आल्तो की. तिच्या येळंलाच तेवढी कुदळ मारली.

मी उठलो आन वावरात गेलो. दोन हातानं माती उकरायला लागलो. खापरीचे दोन तुकडे गावले, हे बगा, हितं देवाजवळ ठेवलेत. खड्डा उघडतो म्हणलो तर मठाचे स्वामी आले, म्हणले बसवलेल्या माणसाला हात लावायचा नसतो. मी तितंच बसलो, आन कसा रडलो ते सांगत न्हाय.

दत्तू शेजारी बसल्ता. म्हणला, अप्पा, वर काढलेली माती दुसरीकडं टाकली का परत तितंच घातली. म्हणलो, तितंच, सगळी, मीच ढकलली. म्हणला, मंग मल्लू तितंच हाय, अव्वाच्या आंगावर हाय. ते खरं आसंल. पर ते माझ्या कुदळीनं झालं, माझ्या शानपणानं न्हाय.

मंग म्हणला, आता त्या दिशी सांगायचं व्हतं ते सांगू का. मी सांग म्हणलो. म्हणला, साहेबानं मला इचारलं, ह्येची रीत काय, तू ह्येच्या गावचा न्हवं. आन माझा आवाज फुटला न्हाय अप्पा. लाकडं रचलेली, आणखी माणसं रांगंत ठेवलेली, म्होरं निघायचा हुकूम झालेला. दोन शबुद बोलायचे व्हते, बोललो न्हाय. फकस्त त्येच्या गळ्यातलं लिंग सोडलं आन डाव्या हातात देऊन मूठ मिटली. तेवढंच केलं.

चार सालं हे त्येच्या पोटात व्हतं. त्या दिशी दारात एक मिंट मी गप बसलो आसतो तर तवाच बाहेर आलं आसतं, गौरव्वानंबी ऐकलं आसतं. मी म्हणलो, दत्तू, तू गप बसलास ती चूक झाली. आन मी बोललो ती तुझ्यापरीस मोठी झाली. त्यानं माझ्या पायावर डोस्कं ठेवलं. मी म्हणलो, ऊठ, तुझ्या आईकडं जायचंय मला. गेलो. अंगणात हुबा राहून म्हणलो, वहिनी, चुकलो. ती म्हणली, आमटी चालंल का आज, भाजी न्हाय. माफी म्हणजे ही. हिच्यापरीस मोठी मला झेपलीबी नसती.

पर गौरव्वाचं काय. तिला कुटं जाऊन इचारू. दीड साल ती पोरासंगं एकटीच बोलत व्हती, आन मी तिला याडी म्हणत व्हतो. स्वामी म्हणतात तिनं कवाच माफ केलं आसंल. त्येंनी काय बगितलंय तिला. माझ्यासंगं ती संसार करायची, तिचा राग मला म्हाईत हाय.

मी दत्तूला कोनाडा शिकवलाय. दर रैवारी कुर्डुवाडीसनं येतो, बांधाकडंला दोन काढून झाले, पयला ढासळला, दुसरा बरा हाय. गाव कुजबुजतंय, मराठ्याच्या हातचा खड्डा कसा चालंल. स्वामी म्हणाले बगू. मी म्हणलो तुमी बगत बसा, माझं ठरलंय. परवा त्यो सुतळी घेऊन आला, म्हणला, अप्पा, पाय म्होरं करा. टाचंपासनं अंगठ्यापोतर धरली आन नऊ गाठी मारल्या. ती सुतळी त्येच्या घरात खुंटीला हाय.

तुमचीबी दोन पोरं मुंबईला हाईत न्हवं मास्तर. घरी येऊ द्यात, हातापायानं धड येऊ द्यात. आन कवा कुणी दारात येऊन कायतरी सांगायला लागलं तर सांगू द्या त्येला.

जागा तिच्या शेजारची धरलीया. दत्तूला म्हणलोय, कोनाडा तिच्या अंगाला तोंड करून काढ. तिनं पाठ केली तरी चालंल.