दारातला पहारेकरी

मुलांनो, समजा तुम्ही लोह्याच्या बसस्थानकात माझ्याशेजारी बसला आहात. पुढच्या बाकावर अंजू आणि लातूरच्या वसतिगृहाला निघालेला मल्लिनाथ आहेत. त्यांच्या खेळात अंजू गोष्ट सांगते, बाकीचे त्यातली पात्रं होऊन फासे टाकतात; मल्लिनाथ पहारेकरी होतो.

"तीन वर्षं चाललेली गोष्ट हाय, मल्ल्या. लातूरहून फोनवर खेळ की."

"न्हाई."

"तुझ्या पहारेकऱ्याचं काय करू मग?"

"दिवाळीपासून किल्ल्याच्या दारात उभाच हाय त्यो. आत सगळे लढायलेत."

"सांगायचं ना मला."

"गोष्ट तू सांगतीस. तूच विचारायचं असतं, पहारेकरी काय करतो म्हणून."

"दर रविवारी खेळायला येत तर होतास."

"व्हय. विचारशील म्हणून."

लातूरची गाडी त्याला घेऊन गेली. अंजू खेळाची वही उघडून दिवाळीपासूनच्या पानांवर पहारेकरी शोधत बसली.