पुरस्कारानंतरचं रडू

नॉर्वेतल्या बर्गन शहरात एका पुस्तकांच्या दुकानात, नुकताच पुरस्कार मिळालेल्या लेखिकेच्या सहीसाठी लागलेल्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं.

“गुनवोर, तू प्रकाशनसंस्थेत होतीस तेव्हा हीच कादंबरी नाकारली होतीस ना?”

“हळू बोल, हल्डोर.”

“आणि काल तीच वाचून रडत होतीस.”

“होते.”

“मग मधे तिनं काही बदललं?”

“स्वल्पविरामसुद्धा नाही. तेव्हा मला ती कोरडी वाटली होती. म्हणूनच संशय येतो. मला पुस्तकानं रडवलं की पुरस्कारानं?”

“तिचं बक्षीस, आणि भांडतेस स्वतःशी.”

“नकाराच्या पत्राखाली माझंच नाव होतं. तिनं मला ओळखलं तर?”

“माफी माग.”

“तेव्हाच्या नकाराची मागू, की कालच्या रडण्याची?”

रांग सरकली. लेखिकेनं हसून पेन उचललं.

“कुणाच्या नावानं लिहू?”

“हल्डोरच्या,” गुनवोर म्हणाली.