पांढरीचा तुरा

माहेर माझं चिचगडकडलं, जंगलातलं, तिथं घरोघरी कोंबड्या, पण काय सांगू तुम्हाला, मी कधी त्यांच्याकडे नीट पाहिलं नाही. लग्न होऊन सालेकशाजवळच्या या गावात आली, शाळेत खिचडी शिजवायचं काम लागलं, तेव्हापासून सगळं मोजून, लिहून. सासूबाई म्हणत, आमची सून चुलीवर नाई, कागदावर रांधते.

एका वर्षी आमच्या घरच्यांना, म्हणजे नवऱ्याला, मलेरिया झाला, उतरला, पुन्हा उलटला, माणूस खाटेला लागला. सासूबाई गावाबाहेरच्या मातामायला नवस बोलल्या, माहा पोरगा उठू दे, पांढरा कोंबडा देईन. आणि ते उठले. देवीचे उपकार, दवाखान्याचेही, मी दोघांना हात जोडते. पण पांढरा कोंबडा आणायचा कुठून? आमच्या गावात कोंबडे सगळे लाल नाहीतर चितकबरे.

अशात बाजार उठल्यावर रेल्वे लाइनीजवळ दोन पाखरं फिरताना दिसली, एक पांढरंशुभ्र, एक लालसर, त्याच्या मानेवर पीसच नाही. मी आधी बाजारात विचारलं, मग घरोघर, मग कोतवालाला सांगितलं. पुढचा बाजार भरला तरी कोणी आलं नाही, तेव्हा आमच्या काळ्या कोंबडीसोबत खुराड्यात घेतली. सासूबाईंनी पांढऱ्याचा लालभडक मोठा तुरा पाहिला आणि हातच जोडले, मातामायनंच कोंबडा पाठवला पाह्य! आणि मानउघडं? ते कोंबडी होय, तिले तुरा कुठं हाये.

मला पटेना, कारण तो तुरा एका डोळ्यावर पडलेला आणि आरवणं तर नाहीच. दोन्ही पाखरं टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, ही पांढरी लेगहॉर्न, फार्मवरची, यांच्या मादीचाही तुरा मोठा असतो, असा लवंडलेला. मानेची पिसं पाहा, नराची टोकदार, मादीची गोल. मानउघडा गावठी आहे, त्याच्या पाठीवर टोकदार पिसं निघून राहिली, तो नर. घरी येऊन सांगितलं तर सासूबाई भडकल्या, नवस डाक्टर बोलला होता का? काऊन देवीच्या आड येऊन राहिली तू?

त्यांना धास्ती होती, नवस राहिला तर पोराचा ताप पुन्हा उलटेल. आणि मला भ्या की कापल्यावर पोटात अंडी निघाली तर याच म्हातारीला घोर लागेल.

मातामायपाशी रीत अशी, की पाखरापुढं तांदूळ टाकायचे, त्यानं टिपले तर देवीला पसंत. सासूबाईंनी तिथं नेलं तेव्हा पांढरीनं टिपले, हावरटच ती! सासूबाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, पाह्य. शेजारीण आपल्या नवसाचा लाल कोंबडा घेऊन उभी होती, त्याची मान पांढरीच्या मानेजवळ आणली आणि म्हटलं, आई, हात लावून पाहा. त्यांनी एकावर बोट फिरवलं, दुसऱ्यावर फिरवलं, पुन्हा पहिल्यावर. पुजारी वाकून म्हणाला, बुढी, हे त तलंग होय, अजून अंड्यावर आली नाई. मादी मातामायले चालत नाई.

सगळे हसले. सासूबाई मात्र म्हणाल्या, आता माह्या पोराले काही झालं त? मी म्हटलं, हिच्याच पोटचा पांढरा कोंबडा तुमच्या हातात देईन, देवी थांबते का विचारा. पुजारी म्हणाला, थांबते, तिले कायची घाई?

पुढं पांढरी दुधासारखी पांढरी अंडी देऊ लागली. ती स्वतः काही खुडूक बसेना, म्हणून अंडी काळीखाली ठेवली. मानउघडा तोवर आरवून आरवून गाव उठवत होता. पिल्लांत एक पांढरा नर निघाला, पण मान बापासारखी उघडी, झाली ना पंचाईत! सासूबाई वाटभर म्हणत राहिल्या, असा चालंन का हो मातामायले? तांदूळ टाकले, त्यानं टिपले, नवस फिटला. त्या दिवशी म्हातारी पोटभर जेवली.

घरचे आज धानाच्या बांधीत राबतात, ठणठणीत. पांढरी आमच्या खुराड्यातच म्हातारी होऊन गेली. सासूबाईंना आता दिसत नाही, पण पिल्लं वाढीला लागली की एकेक मांडीवर घेतात, पिसांवरून बोट फिरवतात आणि मला हाक मारतात, मातामाय तुले सुखी ठेवो बाई, पण आधी सांग, मी म्हणतो हा नर, बरोबर हाये का? बहुतेक वेळा बरोबर असतं.