रिकामा चालवलेला जनरेटर

पुराला महिना होऊन गेला होता. पुरात गेलेल्या भावाच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी अर्ज घेऊन ती रांगेत उभी होती. पुढे मोबाइल टॉवरचे दोन मेकॅनिक होते, वाहून गेलेल्या वॉचमनच्या दाखल्यासाठी आलेले. एक निवृत्तीला टेकलेला, दुसरा त्याच्या हाताखालचा.

"काका, जनरेटर सुरू तर झाला होता ना?"

"झाला. बॅटऱ्या संपत आल्या तसा त्याने टॉवरचा भार घेतला आणि चार मिनिटांत मान टाकली."

"पण दर महिन्याला चाचणी व्हायची. वहीत तुमचीच सही आहे."

"दहा मिनिटं चालवायचो, आवाज ऐकायचो, सही करायचो. पण रिकामा."

"टॉवर जोडायचाच नाही?"

"जोडला आणि बंद पडला तर बोलणाऱ्यांचे फोन मध्येच तुटतात. मग तक्रारी, मग वरून बोलणी. सात वर्षांत चाचणीपायी कोणाचा एक फोन तुटू दिला नाही मी."

रांग दोन पावलं सरकली.

"काका," तिने विचारलं, "टॉवर नेमका किती वाजता बंद पडला?"

"चार वाजून बारा मिनिटांनी. चौकशीत रोज तेच सांगतोय. का, ताई?"

तिने मोबाइलमध्ये भावाच्या शेवटच्या फोनची वेळ पाहिली. मग पुन्हा एकदा पाहिली.

"आधी घराबाहेर पड म्हणून मी त्याच्यावर ओरडत होते. इतके दिवस मला वाटत होतं, फोन त्याने ठेवला."